वायरलेस सिक्युरिटीचं डिझर्टेशन, ९९ टक्के ॲक्युरसी आली, पण यात वायरलेस कुठाय?

बावड्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एमटेक करतेय, कॉम्प्युटर सायन्स, शेवटचं वर्ष. डिझर्टेशनचा विषय आहे वायरलेस नेटवर्कमधली घुसखोरी डीप लर्निंगनं ओळखणे. विषय सरांनी सुचवला पण मलाही मनापासून आवडला होता, डिप्लोमापासून नेटवर्किंग हाच माझा आवडता विषय. डेटासेट एनएसएल-केडीडी घेतला, कारण सीनियर्सनी तोच वापरलेला आणि जो पेपर उघडावा त्यात तोच दिसायचा, त्यामुळं वेगळा विचार केलाच नाही. सीएनएन आणि एलएसटीएम हे डीप लर्निंगचे दोन प्रकार जोडून मॉडेल केलं, त्यात तीन महिने गेले, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायचा आणि सकाळी उठल्या उठल्या आधी आकडा बघायचा, शेवटी ९९.२ टक्के आले तेव्हा आईला झोपेतनं उठवून सांगितलं.

परवा प्रोग्रेस सेमिनार झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फीचर्सच्या (मॉडेलला दिलेल्या रकान्यांच्या) स्लाईडवर थांबवलं आणि शांतपणे विचारलं, या ४१ फीचर्समधलं रेडिओवरून आलेलं फीचर कुठलं? मी स्लाईडकडं बघतच राहिले. कनेक्शन किती वेळ चाललं, प्रोटोकॉल कुठला, सर्व्हिस कुठली, लॉगिन किती वेळा फसलं, रूट शेल (मशीनचा पूर्ण ताबा) मिळाला का. सिग्नल किती होता हे नाही, चॅनल नाही, ॲक्सेस पॉईंट (वाय-फाय सोडणारं यंत्र) नाही. सर्व्हिसच्या रकान्यात टेलनेट आणि एफटीपीसारख्या जुन्या सर्व्हिस. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले की मग नावात वायरलेस कशासाठी आहे, आणि पुढची स्लाईड घ्या म्हणाले. केएमटीच्या बसनं बावड्याला घरी येईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आता हातात चार महिने आहेत. सामान म्हणाल तर घरचा एक राऊटर, एक जुना लॅपटॉप आणि दोन फोन. विषय बदलावा का आहे तेच पुढं न्यावं? आणि या क्षेत्रात खरोखर संशोधन करणारी माणसं नेमकं करतात तरी काय, कारण मला आता वाटायला लागलंय की मी तीन महिने फक्त एक सीएसव्ही फाईल चघळत होते.

रंकाळाकाठ

ताई, हा प्रश्न सेमिनारला आला हे चांगलं झालं, व्हायव्हाला आला असता तर हातात दिवस उरले नसते. मी याच विषयात पीएचडी केली आणि आता शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एनएसएल-केडीडी २००९ चा म्हणून सगळे वापरतात, पण तो नवा डेटा नव्हे. केडीडी कप ९९ या जुन्या स्पर्धेच्या डेटातल्या डुप्लिकेट ओळी काढून साफसूफ केलेला तोच माल आहे (मूळच्या ट्रेनिंगमध्ये साधारण ७८ टक्के ओळी डुप्लिकेट होत्या). आणि त्याचा कच्चा माल म्हणजे १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबनं डार्पासाठी (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) अमेरिकन हवाई दलाच्या ऑफिस नेटवर्कची नक्कल उभी करून नोंदवलेला ट्रॅफिक. सगळं वायरवरचं. वाय-फायचं पहिलं स्टँडर्डच १९९७ चं, त्यामुळं त्या डेटात डीऑथ (जोडलेल्या फोनला तोडणारी फ्रेम, म्हणजे हवेतला छोटा संदेश), खोटा ॲक्सेस पॉईंट, बीकन (ॲक्सेस पॉईंट सतत पाठवतो ती मी इथं आहे अशी फ्रेम) यातलं काहीएक असणं शक्यच नाही. तुमचं मॉडेल वाईट आहे असं मी म्हणत नाही, ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतंय तो प्रश्न तुमच्या टायटलमध्ये नाही.

एक विचारतो, ९९.२ आले ते कुठल्या फाईलवर? मला वाटतंय तुम्ही १,२५,९७३ ओळींची ट्रेन फाईलच ८०-२० फोडली, म्हणजे ८० टक्क्यांवर शिकवलं आणि उरलेल्या २० टक्क्यांवर तपासलं. त्या डेटासेटबरोबर २२,५४४ ओळींची वेगळी टेस्ट फाईल येते आणि तिच्यात मुद्दाम असे हल्ले आहेत जे ट्रेनमध्ये नाहीत. तिथं नेहमीचे अल्गोरिदम ८० च्या आसपास येऊन थांबतात. आज रात्रीच चालवून बघा.

आकडा उगाच मोठा का येतो याचं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो. डार्पाच्याच १९९९ च्या डेटात महोनी आणि चॅन यांनी २००३ मध्ये दाखवलं की हल्ल्याच्या पॅकेटचा टीटीएल (पॅकेट अजून किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) १२६ किंवा २५३ असायचा आणि साध्या ट्रॅफिकचा बहुतेक वेळा १२७ किंवा २५४. म्हणजे हल्ला काय असतो हे न शिकताच मशीन नुसता तो एक आकडा बघून चोर पकडणार, आणि आपण म्हणणार बघा काय मॉडेल आहे. तुमच्या मॉडेलनं नेमकं काय पकडलंय हे बघितल्याशिवाय ९९ ला अर्थ येत नाही.

आणि समजा ९९ खरे आहेत असं धरलं तरी. दहा लाख फ्रेममध्ये शंभर फ्रेम हल्ल्याच्या. तुमचा आयडीएस (घुसखोरी ओळखणारी सिस्टीम) त्यातल्या ९९ पकडतो, उत्तम. पण चांगल्या फ्रेमपैकी एक टक्का जरी चुकून हल्ला म्हणून दाखवल्या तर त्या झाल्या जवळपास दहा हजार. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसानं दहा हजार खोट्या गजरांत ९९ खरे कसे शोधायचे? तो दुसऱ्या दिवशी ते सॉफ्टवेअर बंद करून टाकेल. ॲक्सेलसन नावाच्या संशोधकानं १९९९ मध्येच हे मांडलंय, तरी अजून निम्मे लोक नुसती ॲक्युरसी छापतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाय-फायचाच डेटा हवा असेल तर एजियन विद्यापीठाचा एविड आहे, २०१५ च्या सुमारासचा, आणि त्याची नवी आवृत्ती एविड ३, ती २०२१ ची. त्यात खऱ्या ८०२.११ (वाय-फायचं स्टँडर्ड) फ्रेम आहेत, सिग्नल आहे, सगळं आहे. फक्त वेळेचा रकाना आणि मॅक ॲड्रेस (प्रत्येक मशीनचा स्वतःचा नंबर) आधी काढून टाका. हल्ले ठरावीक वेळी ठरावीक मशीनवरून केलेले असतात, ते रकाने ठेवले की परत टीटीएलचीच गोष्ट.

राजारामपुरी_नववी_गल्ली

एवढा विचार करू नका हो ताई. सगळे एनएसएल-केडीडीच वापरतात, तुमच्याच कॉलेजात मागच्या वर्षी कितीतरी जण त्यावरच पास झाले असतील. टायटलमधला वायरलेस शब्द काढा, पेपर एखाद्या जर्नलला पाठवा, पैसे भरा, सबमिट करा आणि नोकरी बघा. चार महिन्यात नवीन विषय म्हणजे आगीत हात. घरी लग्नाचं चाललं असेल, फी भरलेली असेल, हे सगळं बघावं लागतं, मी स्वतः यातनं गेलोय म्हणून सांगतोय.

गोकुळशिरगाव_नेटवर्कवाला

वरच्या दादांचं घरच्या अडचणीचं बोलणं पटतंय, पण ताईंना ज्याचा त्रास होतोय तो प्रश्न खरा आहे आणि मी तो कामावर अनुभवलाय म्हणून सांगतो.

एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं नेटवर्क माझ्याकडं होतं. कास्टिंगवर टॅग लावून हँडहेल्ड स्कॅनरनं नोंद करायची सिस्टीम. एका आठवड्यात स्कॅनर सारखे तुटायला लागले, दुपारी जास्त. सगळ्यांनी भट्टीवर खापर फोडलं, कुणी म्हणे पत्र्याच्या शेडमुळं, कुणी म्हणे राऊटर गरम होतोय. आम्ही ॲक्सेस पॉईंट बदलला, चॅनल १ वरनं ६ वर, ६ वरनं ११ वर नेला, काही फरक नाही. शेवटी मोल्डिंगच्या कोपऱ्यात एक उलटी पाटी टाकून बसलो आणि लॅपटॉप मॉनिटर मोडला (आसपासच्या सगळ्या फ्रेम नुसत्या ऐकायच्या) लावून नुसत्या मॅनेजमेंट फ्रेम, म्हणजे जोडणी-तोडणीचे संदेश, बघत राहिलो. डीऑथचा पाऊस. पाठवणारा कोण तर आमचाच ॲक्सेस पॉईंट, मॅक ॲड्रेस बरोब्बर आमचा.

दोन तास डोकं धरून बसलो की आपलाच ॲक्सेस पॉईंट आपल्याच स्कॅनरला हाकलतोय कशाला. मग सिग्नलच्या रकान्याकडं लक्ष गेलं. आमच्या ॲक्सेस पॉईंटचे बीकन उणे ५२, ५३, ५१ असे येत होते आणि त्याच ॲड्रेसच्या डीऑथ उणे ७१ (शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार). एकच माणूस एकाच जागेवरनं एकदा मोठ्यानं आणि एकदा लांबनं बोलल्यासारखा कसा बोलेल? म्हणजे बोलणारा दुसरा. शोधत गेलो तर शेजारच्या शेडमध्ये नवीन बसवलेली वाय-फाय सिस्टीम, तिच्यात अनोळखी ॲक्सेस पॉईंट आपोआप दाबायची सेटिंग चालू राहिलेली. ती आमच्याच नावानं आमच्या स्कॅनरना डीऑथ सोडत होती. त्यांच्या माणसाला याचा पत्ताच नव्हता, बिचाऱ्यानं लगेच बंद केलं. अमेरिकेत एका हॉटेलनं पाहुण्यांच्या स्वतःच्या हॉटस्पॉटवर हेच मुद्दाम केलेलं, त्यात २०१४ मध्ये मॅरियटला ६ लाख डॉलर दंड झाला होता.

हे होतं कारण जुन्या वाय-फायमध्ये डीऑथ फ्रेमवर सहीशिक्का काहीच नाही. पासवर्ड कितीही भारी असू दे, मॅनेजमेंट फ्रेम उघड्याच जातात. ८०२.११डब्ल्यू २००९ मध्ये आलं, त्यानं या फ्रेमना संरक्षण मिळतं, डब्ल्यूपीए३ या नव्या वाय-फाय सुरक्षा पद्धतीत ते सक्तीचंच आहे, पण आधीच्या डब्ल्यूपीए२ मध्ये ऐच्छिक. आमच्या स्कॅनरना ते येतच नव्हतं, आणि कारखान्यातली मशिनं दहा-दहा वर्षं बदलत नाहीत.

तेव्हा ताई, तुमच्या परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हे आहे. सिग्नलची ताकद आणि फ्रेमचा सीक्वेन्स नंबर (पाठवणारा प्रत्येक फ्रेमला देतो तो क्रमांक). दोन्ही हवेतनं येतात, दोन्ही खोटं बोलणाऱ्याला सांभाळायला अवघड. यावर छोटा आयडीएस करा, आमच्यासारख्याला खरंच उपयोगी पडेल.

ऊसपट्टा_शिरोळ

मी काय कॉलेजवाला न्हाई, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालोय आणि शेती करतोय, पण वायरलेस म्हटल्यावर बोलावं वाटलं. आमच्याकडं मोटरला रिमोट स्टार्टर हाय, ४३३ मेगाहर्ट्झचा. रात्री लाईट येती, थ्री फेज, मग पाणंदीनं अंधारात बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, पावसाळ्यात साप किरडू, त्यापेक्षा घराच्या गच्चीवरनं बटण दाबलं की मोटर चालू, लई सोय झाली. गेल्या साली माझी मोटर आपोआप बंद व्हायची, पाण्याची पाळी माझी आणि सरीत पाणीच न्हाई. रिमोट उघडून बघितला तर आत फिक्स कोडची चिप, २० बिटचा नंबर कारखान्यातनंच पक्का केलेला, बटण दाबलं की दरवेळी तोच नंबर हवेत. म्हणजे एकदा कुणी ऐकून ठेवला की झालं, तोच परत सोडायचा. माझ्याबाबतीत कुणी केलं का रिसीव्हरच खराब होता ते मी छातीठोक सांगत न्हाई, मी वायर वाढवून हाताचा स्विच लावला आणि विषय संपवला. पण ताई, गावागावात हे रिमोट हायत आणि यावर कोण अभ्यास करतंय? वाय-फाय तर सगळेच बघत्यात.

रंकाळाकाठ

काका, तुम्ही सांगितलेलं अगदी बरोबर आहे, याला रिप्ले म्हणतात आणि मोटारगाडीच्या किल्ल्यांनी यावर उपाय म्हणून दरवेळी बदलणारा कोड आणला. २० बिट म्हणजे साडेदहा लाखाच्या आसपास नंबर, पण चोराला सगळे शोधायची गरजच नाही, एक ऐकला की पुरे. हा विषय खरंच कुणीतरी घ्यायला हवा. ताईंसाठी मात्र त्याला एसडीआर डोंगल (वेगवेगळे रेडिओ सिग्नल कॉम्प्युटरवर ऐकायचं यंत्र) लागेल, सिग्नल डीकोड करायला शिकावं लागेल, चार महिन्यात वाय-फाय जास्त झेपेल.

ताईंचा दुसरा प्रश्न राहिला होता, खरे संशोधक काय करतात. डब्ल्यूपीए२ वरच्या क्रॅक हल्ल्याची गोष्ट सांगतो. २०१७, बेल्जियममधलं ल्युवेन विद्यापीठ, मॅथी व्हॅनहूफ. दुसऱ्याच एका पेपरची शेवटची प्रत तयार करताना आपण लिहिलेलं बरोबर आहे ना म्हणून तो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड परत वाचत बसला होता. किल्ली बसवणारं एक फंक्शन दिसलं आणि मनात आलं, हे दोनदा चाललं तर? बस, तिथनं सगळं निघालं. डब्ल्यूपीए२ च्या हँडशेकमधला (जोडताना फोन आणि राऊटर किल्ली ठरवतात ती देवाणघेवाण) तिसरा मेसेज हरवला असं वाटून राऊटर परत पाठवतो, फोन तीच किल्ली परत बसवतो, आणि पॅकेटचा मोजणारा नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकाच किल्लीबरोबर तोच नंबर दोनदा वापरला की एन्क्रिप्शन उघडं पडतं. अँड्रॉइड ६ मध्ये तर सगळ्या शून्यांची किल्ली बसायची.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की त्या हँडशेकची गणिती सिद्धता २००५ पासून होती आणि ती चूकही नव्हती. किल्ली नेमकी कधी बसवायची हेच त्या मॉडेलमध्ये धरलेलं नव्हतं. तेव्हा ही माणसं करतात काय, तर स्टँडर्ड वाचतात, कोड वाचतात, आणि कागदावरचं आणि हवेतलं जुळतंय का ते स्वतः तपासतात. त्याला जीपीयू लागत नाही.

गोकुळ शिरगावच्या दादांनी सांगितलेला विषय घ्या. नवा शोध नाही, सीक्वेन्स नंबरवर २००३ पासून लिहिलं गेलंय, पण स्वतः मोजलेला डेटा आणि प्रामाणिक चाचणी एमटेकला भरपूर झाली. आणि केलेलं काम फेकू नका. त्याचं एक प्रकरण करा, ट्रेन फाईल फोडून किती आले, वेगळ्या टेस्ट फाईलवर किती आले, आणि हा डेटा वायरलेसला का चालत नाही. सरांकडं हे घेऊन गेलात तर ते नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांचा विषय तुम्ही टाकून देत नाही आहात.

बिंदूचौक_वकील

एक महत्त्वाचं, सगळ्यांनी टेक्निकल लिहिलं म्हणून. प्रयोग स्वतःच्या राऊटरवर आणि स्वतःच्याच फोनवर करा. शेजाऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय काही केलं तर आयटी कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं, ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अभ्यासासाठी केलं हे कारण कोर्टात चालेलच असं नाही. कॉलेजमध्ये करणार असाल तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. कॅप्चर करताना सुद्धा फक्त मॅनेजमेंट फ्रेम साठवा, लोकांचा डेटा साठवूच नका. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांनी उघड्या वाय-फायवरचा लोकांचा डेटा गोळा केलेला २०१० मध्ये बाहेर आला आणि अनेक देशांत चौकशा झाल्या.

बावड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवडे काही लिहिलं नाही कारण कामातच होते.

आधी वाईट बातमी. रंकाळाकाठ सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं, वेगळ्या टेस्ट फाईलवर माझं मॉडेल ७८.६ वर आलं. रात्री एक वाजता ते बघून रडायला आलं. पण सकाळी तोच तक्ता घेऊन सरांकडं गेले, आणि सरांनी पंधरा मिनिटं काही न बोलता बघितलं आणि म्हणाले, हे लिही, हे कुणी लिहीत नाही. टायटल बदलायचा अर्जही त्यांनीच पुढं नेला.

मग काकांच्या दुकानातनं जुना टीपी-लिंकचा यूएसबी ॲडॉप्टर आणला, डब्ल्यूएन७२२एन, पहिलंच व्हर्जन निघालं, त्यात एथेरॉसची एआर९२७१ चिप आहे म्हणून मॉनिटर मोड लगेच चालला (नंतरच्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी आहे, कुणी घेणार असेल तर मागचं लेबल वाचून घ्या). त्याआधी लिनक्समधल्या मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम वर खोटे रेडिओ उभे करून स्क्रिप्ट तपासली, पण त्यात सिग्नलचा आकडा खरा नसतो त्यामुळं खरी मोजणी घरातच.

आमचं घर जुनं, मधली भिंत दगडी आहे. राऊटर सोप्यात (बाहेरच्या खोलीत), ऐकणारा लॅपटॉप जिन्याखाली, आणि मैत्रिणीचा लॅपटॉप स्वयंपाकघरात, तिथनं माझ्याच राऊटरच्या नावानं माझ्याच फोनला डीऑथ सोडल्या. राऊटर उणे ४७ च्या आसपास आणि खोट्या फ्रेम उणे ६६. इतका स्वच्छ फरक दिसला की विश्वासच बसेना. मग आई दळण घेऊन मधनं गेली आणि राऊटरचाच आकडा पाच-सहानं खाली गेला, म्हणजे माणूस मधनं चालला तरी हलतो. आणि मैत्रिणीचा लॅपटॉप सोप्यात राऊटरशेजारी ठेवला तर फरक जवळजवळ मिटलाच. म्हणजे फक्त सिग्नलवर भागत नाही, हे स्वतः बघितल्यावर कळलं.

म्हणून सीक्वेन्स नंबर घेतला आणि इथं अडकलेय. नंबर ० ते ४०९५ क्रमानं वाढायला हवा, मधेच उडी दिसली की दुसरा कोणीतरी. पण माझ्याकडं हल्ला नसतानाही उड्याच उड्या दिसतात, विशेषतः फोनवर व्हिडिओ चालू असला की. ॲडॉप्टर फ्रेम गाळतोय का माझ्या स्क्रिप्टमध्ये चूक आहे?

गोकुळशिरगाव_नेटवर्कवाला

दगडी भिंतीचा फोटो आणि प्लॅन रिपोर्टमध्ये घालाच, कुठं काय ठेवलं होतं हे कळल्याशिवाय ते आकडे दुसऱ्याला वापरता येत नाहीत. आणि ॲडॉप्टर एकाच चॅनलवर लॉक आहे ना बघा, चॅनल फिरत असतील तर मधल्या फ्रेम जाणारच.

रंकाळाकाठ

चॅनल लॉक असेल तर स्क्रिप्ट बरोबर आहे, तुम्ही सगळ्या फ्रेम एकाच रांगेत मोजताय ही अडचण आहे. क्यूओएस (प्राधान्य लावलेल्या) डेटा फ्रेमचे नंबर प्रत्येक टीआयडीला, म्हणजे ट्रॅफिकच्या प्रत्येक वर्गाला, वेगळे धावतात, आणि मॅनेजमेंट फ्रेमची मोजणी त्यांच्यापेक्षा वेगळी. व्हिडिओ चालू झाला की दोन-तीन वेगवेगळे काउंटर एकमेकांत मिसळून तुम्हाला उड्या दिसतात.

डेटा फ्रेम पूर्ण बाजूला काढा, वकीलसाहेबांचं म्हणणंही त्यात पाळलं जाईल. फक्त राऊटरचे बीकन धरा आणि डीऑथ त्यांच्याशी ताडून बघा. बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदाला येतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा ताजे नंबर तुमच्या हातात असतात, तुलनेला तेवढे पुरे. ४०९५ नंतर परत ० येतो तेवढं वजाबाकीत सांभाळा. आणि मैत्रिणीचा लॅपटॉप राऊटरशेजारी ठेवून केलेली चाचणी सगळ्यात आधी चालवा, तिथं सिग्नल मदत करत नाही, त्यामुळं नंबर एकटा किती पकडतो ते तिथंच कळेल.